विश्लेषण : दूध विरजते कसे? प्रथिनांच्या अभ्यासक कमला सोहोनी कोण होत्या?

मावळातल्या घरांत रात्री कोमट दुधाला विरजण लावले की सकाळी दही तयार असते. लोणावळ्याच्या पावसाळी गारठ्यात मात्र तेच दही उशिरा लागते. असे का होते? याचे उत्तर प्रथिनांवरील विद्युतभारात आहे. दूध आणि डाळींमधील प्रथिनांच्या अभ्यासातूनच कमला सोहोनी यांच्या संशोधनाची सुरुवात झाली.

दुधाचे दही कसे होते?
दुधातील केसीन या प्रथिनाच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून कण सुटे राहतात. विरजणातील जिवाणू दुधातील साखरेपासून आम्ल बनवतात. दुधाचा सामू सुमारे ६.७ वरून ४.६ कडे उतरत जातो, तसा हा भार नाहीसा होतो. कण एकमेकांना चिकटून जाळे तयार होते, तेच दही. गारठ्यात जिवाणू मंदावतात आणि आम्ल सावकाश तयार होते.

प्रवेशासाठी सत्याग्रह का?
कमला भागवत या लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात पदवी घेऊन त्यांनी बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. केवळ स्त्री म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रह केला, तेव्हा वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळींमधील प्रथिनांवर काम केले. ते पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे मुलींसाठी संस्थेचे दार उघडले.

केंब्रिजमध्ये काय केले?
वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असते, हे त्यांनी बटाट्यावरील प्रयोगांतून दाखवले. हे प्रथिन पेशींच्या श्वसनात महत्त्वाचे असते. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

सामान्यांना काय मिळाले?
त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्ली आणि कुन्नूरनंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या आणि पुढे तिच्या संचालकही झाल्या. कडधान्यांतील प्रथिने आणि नीरेचे पोषणमूल्य हे त्यांच्या संशोधनाचे विषय होते. गरिबाच्या ताटात पोषण कसे येईल, हा त्यामागचा प्रश्न होता. नीरेवरील कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दर्जाबाबत सल्ला दिला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.