साथींच्या बातम्यांचे जाळे विणणारे डॉ. राइखमान

पहिले महायुद्ध संपले, पण पूर्व युरोपातील मरण थांबले नाही. उवांमार्फत पसरणाऱ्या टायफस ज्वराने रशिया आणि पोलंड ग्रासले होते. निर्वासित, सुटलेले युद्धकैदी आणि परतणारे सैनिक यांच्याबरोबर तो पश्चिमेकडे सरकत होता. नवस्वतंत्र पोलंडमध्ये त्याला अडवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली, ते डॉ. लुडविक राइखमान. १८८१ साली वॉर्सातील ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. क्राकूव्ह येथे वैद्यकाचे शिक्षण, पॅरिसची पाश्चर संस्था व लंडन येथे जंतुशास्त्राचा अभ्यास, असा प्रवास करून १९१८ मध्ये ते मायदेशी परतले आणि वॉर्सात साथरोगांची मध्यवर्ती संस्था त्यांनी उभारली.

१९२१ मध्ये राष्ट्रसंघाने त्यांना जिनिव्हास बोलावून आरोग्य विभागाची धुरा सोपवली. हाताशी अधिकार जवळजवळ नव्हता. कोणत्याही देशाला आदेश देता येत नव्हता, पैसा तुटपुंजा होता आणि पॅरिसमध्ये १९०७ पासून असलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य कार्यालय आपला मान सोडण्यास तयार नव्हते. राइखमान यांनी वेगळी वाट धरली. देशांकडून आज्ञापालन मागण्याऐवजी त्यांनी माहिती मागितली, आणि तीही सर्वांना परत देण्यासाठी. १९२२ मध्ये वॉर्सात भरलेल्या साथरोग परिषदेत राष्ट्रसंघाबाहेरचा सोव्हिएत रशियाही सहभागी झाला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या विचाराचे सर्वांत ठळक फळ सिंगापुरात दिसले. तेथे १९२५ मध्ये उघडलेल्या कार्यालयाकडे आशियातील बंदरांतून प्लेग, पटकी व देवी या रोगांची वार्ता दर आठवड्यास तारेने येई. ती एकत्र करून बिनतारी संदेशाने पुन्हा सर्वत्र धाडली जाई. त्यामुळे बंदरातील अधिकाऱ्याला येणारे जहाज कोणत्या रोगग्रस्त गावाहून निघाले आहे, हे आधीच कळे आणि सरसकट सगळीच जहाजे अडकवून ठेवण्याची गरज कमी होई. १८९६ च्या प्लेगात मुंबईने जे भोगले, त्याची आठवण असणाऱ्यांना या तारांचे मोल सांगावे लागले नसते. १९२६ पासून जिनिव्हाहून साथरोगांचे साप्ताहिक वृत्तपत्रकही निघू लागले. या साऱ्याचा मोठा आर्थिक भार अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाने उचलला. खुद्द अमेरिका मात्र राष्ट्रसंघाची सदस्य नव्हती! खाजगी दात्याच्या ओंजळीने पाणी पिण्यातला धोका उघड होता. पण सरकारे हात आखडते घेत असताना दुसरा मार्ग तरी कोणता होता?

राइखमान केवळ आकडे जुळवणारे अधिकारी नव्हते, आणि तेच त्यांना महागात पडले. चीनची आरोग्यव्यवस्था उभारण्याच्या कामी ते त्या सरकारचे सल्लागार झाले. जपानने मांचुरियावर आक्रमण केल्यावर त्यांची सहानुभूती लपून राहिली नाही. जपान संतापला. हुकूमशहांना दुखवू नये या मताचे राष्ट्रसंघाचे सरचिटणीस जोसेफ आव्हनॉल यांनाही हा माणूस नकोसा झाला. १९३९ मध्ये राइखमान यांना पद सोडावे लागले. आरोग्यसेवकाने राजकारणापासून अलिप्त राहावे हे म्हणणे सोपे आहे; बॉम्बवर्षावाखालच्या देशात लस पाठवणाऱ्याला ते पाळणे कठीण.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकेत राहून नव्या जागतिक आरोग्यसेवेची कल्पना मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना प्रत्यक्षात आली, तेव्हा तिच्यात त्यांना स्थान नव्हते. तोवर त्यांनी दुसरे काम हाती घेतले होते. युद्धोत्तर मदत संस्था बंद होत असताना तिचा उरलेला निधी मुलांसाठी वापरावा, असा आग्रह त्यांनी धरला. त्यातून ११ डिसेंबर १९४६ रोजी युनिसेफ जन्मली आणि राइखमान तिच्या कार्यकारी मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. दूध आणि क्षयप्रतिबंधक बीसीजी लस घेऊन ही संस्था युद्धाने उजाडलेल्या युरोपात व पुढे आशियात पोहोचली. पिंपरीच्या पेनिसिलिन कारखान्यालाही पुढे युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना या दोहोंचे साहाय्य लाभले.

१९५० मध्ये त्यांचे अध्यक्षपद संपले. शीतयुद्धाच्या संशयी वातावरणात अमेरिकेत साम्यवादी म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले गेले. फ्रान्समध्ये डॉ. रोबेर देब्रे यांच्यासह उभारलेल्या आंतरराष्ट्रीय बालक केंद्राच्या कामात त्यांनी उत्तरायुष्य घालवले. जुलै १९६५ मध्ये फ्रान्समधील शनू या खेड्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या काळात सुरू झालेले साप्ताहिक वृत्तपत्रक पुढे जागतिक आरोग्य संघटनेने चालू ठेवले.