चित्रकार व्हायचं होतं, वडिलांनी डॉक्टर केलं. त्याने शाईने मेंदू रेखाटून नोबेल मिळवलं

सांतियागो रामोन इ काहाल. जन्म 1852, स्पेनमधलं एक खेडं. अकराव्या वर्षी या पोराने घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचं फाटक उडवलं आणि तुरुंगाची हवा खाल्ली.

दुसरा नाद चित्रांचा. वडील डॉक्टर, त्यांना हे रिकामटेकडे धंदे वाटायचे. त्यांनी पोराला आधी केस कापणाऱ्याकडे, मग बूट शिवणाऱ्याकडे कामाला ठेवलं. शेवटी 1868 मध्ये शरीररचना शिकवण्यासाठी त्याला कब्रस्तानात हाडं गोळा करायला नेलं. पोरगं हाडं रेखाटत बसलं आणि तिथेच डॉक्टरकीची गोडी लागली.

1887 साली माद्रिदमध्ये काहाल यांनी एक स्लाइड पाहिली. इटलीच्या कामिलो गॉल्गी यांच्या पद्धतीने चांदीचा क्षार वापरून रंगवलेल्या चेतापेशी. (शाळेत पेशीच्या धड्यात भेटलेले गॉल्गी ते हेच.) या पद्धतीत मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण फांद्यांसकट. पिवळसर कागदावर काळ्या शाईने काढल्यासारख्या. चित्रकाराला आणखी काय हवं?

गॉल्गी यांच्या मते सगळा मेंदू म्हणजे एकमेकांना जोडलेलं अखंड जाळं. काहाल यांनी पद्धत सुधारली, पक्ष्यांची पिल्लं आणि भ्रूण तपासले. तिथे पेशींची गर्दी कमी असते. 1888 मध्ये त्यांनी सांगितलं, की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. टोकं जवळ येतात, पण जुळत नाहीत. हा लेख स्वतःच काढलेल्या नियतकालिकात छापला. पुढच्या वर्षी स्लाइड्स घेऊन बर्लिन गाठलं, तेव्हा कुठे मोठ्या शास्त्रज्ञांनी लक्ष दिलं.

त्यांची चित्रं हुबेहूब नकला नव्हत्या. मायक्रोस्कोपमधून तासन्‌तास बघायचं आणि मग बरेचदा आठवणीतून काढायचं. अनेक स्लाइड्समधल्या पेशी एकाच कागदावर यायच्या. काय ठेवायचं, काय गाळायचं, हे तेच ठरवायचे. संदेश कुठून कुठे जातो ते दाखवायला बाणही काढायचे. अशी सुमारे 2,900 चित्रं. धोका उघड आहे: माणूस दिसतं ते काढतोय की वाटतं ते?

1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. गॉल्गी यांनी त्याच व्यासपीठावरच्या भाषणात काहाल यांचा सिद्धांत खोडून काढायचा प्रयत्न केला.

काहाल 1934 मध्ये गेले. त्यांनी दोन पेशींमध्ये कोरी सोडलेली फट त्यांच्या मायक्रोस्कोपला दिसण्याइतकी मोठी नव्हतीच. ती स्पष्ट दिसली 1950 च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली.