पाण्याचा हिशेब ठेवणारा मलिक अंबर

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय लिहून द्या, असं संपादक मंडळाने सुचवलं. अशा वेळी संत, समाजसुधारक किंवा स्वातंत्र्यसेनानी यांच्यावर लिहिण्याची आपली पद्धत. मी मात्र चारशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका हबशी सेनापतीवर लिहितोय. याचं कारण आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत आहे. मागच्या मोकळ्या जागेत नवी इमारत बांधायची ठरते आहे, आणि तिच्या नकाशात पाऊस साठवण, सांडपाण्याचा पुनर्वापर आणि सौर यंत्रणा घ्यायची की नाही, यावर दोन गट पडलेत. त्या चर्चेत उपयोगी पडेल असा माणूस मला आपल्या मराठवाड्यातच सापडला. तो म्हणजे मलिक अंबर.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात, म्हणजे तेव्हाच्या हबसाणात झाला. मूळ नाव चापू. घरची गरिबी, त्यातून पोर गुलामांच्या बाजारात आलं. विकत विकत ते अरबस्तानातून बगदादला पोचलं. तिथल्या मालकाने मुलाची हुशारी ओळखली, त्याला लिहायला वाचायला, हिशेब करायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. सोळाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात तो दख्खनला आला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगीजखान स्वतः हबशी होता. आपल्यासारख्याच एका माणसाला राज्याचा कारभार हाकताना अंबरने जवळून पाहिलं, ही त्याची खरी शाळा.

चंगीजखान मेल्यावर त्याच्या बायकोने अंबरला मुक्त केलं. मग गुलाम नसलेला पण घरदारही नसलेला हा माणूस भाडोत्री शिपाई म्हणून दख्खनच्या शाह्यांमध्ये नोकऱ्या करत फिरला. विजापूरकरांकडे त्याला मलिक हा किताब मिळाला. पुढे तो काही घोडेस्वार घेऊन निजामशाहीत परतला.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबिबी मारली गेली होती. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. निजामशाही संपली असंच सगळे समजत होते. तेव्हा मलिक अंबरने आपल्या परंड्याच्या किल्ल्यात राजघराण्यातल्या एका तरुणाला गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि त्याच्या नावाने राज्य चालवायला सुरुवात केली. हा दुसरा मुर्तझा निजामशाह. वयाच्या पन्नाशीनंतर, जेव्हा आपण निवृत्तीची वर्षं मोजायला लागतो, तेव्हा या माणसाची खरी कारकीर्द सुरू झाली.

आपल्या भागाशी त्याचा संबंध इथूनच येतो. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगलांशी त्याची मोठी लढाई झाली. समोर अब्दुर्रहीम खानखानानचा मुलगा मिर्झा इरज होता. अंबर जबर जखमी झाला, त्याच्या माणसांनी त्याला रणातून उचलून नेलं म्हणून वाचला. माझं बालपण नांदेडला गेलं, पण ही गोष्ट शाळेत आम्हाला कोणी सांगितली नव्हती. त्यानंतर दोन-तीन वर्षांत लातूरजवळचा औसा किल्ला त्याच्याकडे आला. त्याने औशाचं नाव अंबरापूर ठेवलं, पुढे त्याचं अमरापूर झालं. आता ते नाव कागदपत्रांतच उरलंय.

उघड्या मैदानात मोगलांच्या मोठ्या फौजेपुढे आपण टिकत नाही, हे नांदेडने त्याला शिकवलं असावं. पुढे त्याने गनिमी काव्याची लढाई केली. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात नाहीसं व्हायचं. त्यासाठी हलके घोडेस्वार हवेत, म्हणून मराठा सरदारांना त्याने मोठ्या संख्येने जवळ केलं. मालोजीराजे, नंतर शहाजीराजे त्याच्या काळातच निजामशाहीत पुढे आले.

आता मुख्य विषयाकडे येतो. १६१० मध्ये दौलताबाद राजधानी झाल्यावर त्याने जवळच्या खडकी गावी नवं शहर वसवायला घेतलं. हेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. नावच खडकी. खाली काळा दगड, पाऊस बेताचा आणि खाम नदी उन्हाळ्यात आटणारी. अशा ठिकाणी फौज, बाजार, कारागीर आणि त्यांची बायकामुलं आणून वसवायची, तर पाणी कुठून आणायचं?

उत्तरेच्या डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत झिरपलेलं पाणी आहे, हे त्याने हेरलं. तिथून शहरापर्यंत जमिनीखालून चुन्यात बांधलेला बोगदा त्याने काढला. हीच नहर-ए-अंबरी. बोगद्याला अगदी थोडा, पण सलग उतार दिलेला. ठरावीक अंतरावर वरून खाली उतरायला विहिरीसारखे उभे मार्ग ठेवले, म्हणजे आत हवा खेळते आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. शहरात आल्यावर पाणी खापरी नळांमधून पुढे जाई. मध्ये मध्ये दगडी मनोरे उभारले होते. उंचावरून आलेलं पाणी स्वतःच्या दाबाने त्या मनोऱ्यात चढे आणि दुसऱ्या बाजूच्या नळातून पुढच्या मोहल्ल्यात उतरे. तिथे हौद भरत.

यात किती गोष्टी एकदम साधल्या ते पाहा. पाणी जमिनीखाली, म्हणून उन्हाने वाफ होत नाही. मातीमुरुमातून झिरपून आलेलं, म्हणून बरंचसं गाळलेलं. शत्रूला सहज दिसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते पोचवायला बैल लागत नाही, मोट लागत नाही, माणसाचा खांदा लागत नाही. उतार एकदा नीट काढला की रोजचा खर्च जवळजवळ शून्य. आज ज्याला आपण ऊर्जाबचत म्हणतो, ती हीच.

ही विद्या इराणकडची. तिकडे तिला कारेझ म्हणतात. आपल्या उदगीरपासून जवळ असलेल्या बिदरलाही जुनी कारेझ आहे. गंमत अशी, की अंबरचा कट्टर शत्रू खानखानान याच्याच अमदानीत, १६१५ च्या सुमारास, बऱ्हाणपुरातही अशीच भुयारी पाणी योजना झाली. लढाईत एकमेकांचे जीव घ्यायला टपलेली ही माणसं पाण्याच्या बाबतीत एकाच निष्कर्षाला आली होती. आणखी एक गैरसमज दूर करतो. आपण सहलीला जाऊन पाहतो ती पाणचक्की अंबरची नव्हे. ती अठराव्या शतकातली, तिची नहरही वेगळी. अंबरने घालून दिलेल्या वाटेवर पुढच्या लोकांनी आणखी नहरी काढल्या, त्यातली ती एक.

हे शहर काही सुखासुखी उभं राहिलं नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगावला अंबरचा पराभव झाला. मोगल सेनापती होता शाहनवाजखान, म्हणजे नांदेडचा तोच मिर्झा इरज. मोगलांनी खडकीत शिरून जाळपोळ केली. अंबरने शहर पुन्हा सावरलं. बादशहा जहांगीरचा त्याच्यावर इतका राग, की अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला अंबरने मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. त्या लढाईत शहाजीराजे होते, त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. तेव्हा अंबरचं वय पंचाहत्तरच्या घरात होतं.

बँकेत उभं आयुष्य गेल्यामुळे मला त्याचा महसूल कारभारही भावतो. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवायचा आणि वसुलीची जबाबदारी गावच्या पाटलावर टाकायची, ही त्याची घडी मराठी मुलखात पुढे बराच काळ नावाजली गेली. आधी मोजणी, मग आकारणी. नहरीच्या उताराला आणि साऱ्याच्या आकारणीला तोच स्वभाव लागतो.

मे १६२६ मध्ये त्याचं निधन झालं. खुलताबादला त्याची कबर आहे. मोगल इतिहासकारानेही त्याच्या मृत्यूनंतर त्याची तारीफ लिहून ठेवली. सात वर्षांत दौलताबाद पडलं आणि निजामशाहीचा कणा मोडला. राज्य गेलं, शहराचं नावही पुढे बदलत राहिलं, पण नहर मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाहत राहिली. तिला बंद पाडलं ते शत्रूने नव्हे. वर घरं बांधली गेली, रस्ते खोदले गेले, उतरायचे मार्ग बुजले, गाळ काढणं थांबलं. आज ते शहर पैठणच्या नाथसागरातून पंपांनी पाणी वर चढवून आणतं.

आता आपल्याकडे येऊ. एप्रिल २०१६ आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली आणि मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीने दहा टँकरमधून पाच लाख लिटर पाणी आणलं. ती पाहायला स्टेशनवर गर्दी झाली होती, मीही होतो. आता जरा हिशेब करा. १००० चौरस मीटर गच्चीवर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ७ लाख लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी साडेपाच लाख लिटर उरतं. म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त दुरून आलेल्या त्या गाडीपेक्षा जास्त पाणी अशी एक गच्ची दरवर्षी गटारात सोडून देते. ते सगळं टाकीत मावणार नाही हे खरं, पण गाळून बोअरमध्ये सोडता येतं.

विजेचंही तसंच. बोअरमधून पाचशे फुटांवरून दहा हजार लिटर पाणी वर काढायला साधारण दहा युनिट वीज जाते. तेच पाणी तळटाकीतून गच्चीवर चढवायला एखाद-दुसरं युनिट. भूजल जितकं खाली जाईल तितकं कॉमन मीटरचं बिल वर जाईल. बोअर भरला की पाणी आणि वीज दोन्ही वाचतात.

इथे मला माझी चूक मान्य करायची आहे. सोसायटी नवी होती आणि मी खजिनदार होतो, तेव्हा छतावरच्या पाण्याचं पुनर्भरण करण्याचा प्रस्ताव एका सभासदाने मांडला होता. देखभाल निधीत पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बघू, असं सांगून मी तो मागे ठेवला. पुढच्या वर्षीही तेच सांगितलं. ताळेबंद शिलकीचा दाखवला, टाळ्या घेतल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात टँकरवाल्यांची बिलं पाहिली तेव्हा ती शिल्लक कोणती होती ते समजलं.

आता नव्या इमारतीला तर नियमच आहेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडाला पाऊस साठवण सक्तीची आहे. निवासी इमारतींत ऊन कमी शिरावं, वारा खेळावा, यासाठी केंद्राची इको निवास संहिता २०१८ पासून आहे. पण नियम कागदावर पाळणं सोपं असतं. नकाशात शोषखड्डा दाखवायचा आणि जागेवर चार घमेली खडी टाकायची, हे आपण आजूबाजूला पाहतोच. भोगवटा प्रमाणपत्र मिळतं, पाणी मिळत नाही.

म्हणून माझी विनंती तीनच गोष्टींची आहे. पाणी, सांडपाणी आणि सौर यंत्रणा पहिल्या नकाशातच असू द्या, नंतर फोडाफोड करून बसवायला दुप्पट खर्च येतो. साफसफाईला माणूस सहज पोचेल अशी जागा ठेवा. आणि मेच्या अखेरीस, पाऊस यायच्या आत, गच्ची आणि गाळणी साफ करण्याची जबाबदारी कार्यकारिणीत एका सभासदाच्या नावावर टाका. अंबरची नहर तिसऱ्या गोष्टीवाचून बंद पडली.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिका वाचायला मी नसेन. ती वाचणाऱ्यांच्या नळाला पाणी असावं, एवढीच इच्छा आहे. सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.