विश्लेषण : सुट्टी मर्जीने की नियमाने? कामगारांच्या छळावर नारायण मेघाजी लोखंडे यांनी कोणता उपाय शोधला?

कामाच्या ठिकाणी वरचा माणूसच छळत असेल तर दाद कोणाकडे मागायची? यंत्रमाग, गारमेंट आणि विडी उद्योगाच्या सोलापुरात हा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे. भारतीय कामगार चळवळीचे जनक मानले जाणारे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याचे अर्धे उत्तर दिले होते. ते कोणते, आणि उरलेले अर्धे मालकांनी कसे द्यायचे?

लोखंडे कोण होते?

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. रेल्वे टपाल खात्यात काही काळ नोकरी केल्यानंतर ते मुंबईच्या मांडवी येथील कापड गिरणीत भांडारपाल झाले. गिरणीतील रोजचे जगणे त्यांनी तिथेच जवळून पाहिले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. १८८० मध्ये ‘दीनबंधु’ पत्राची धुरा त्यांनी घेतली आणि कामगारांची गाऱ्हाणी छापून येऊ लागली.

गिरणीत छळ कसा चालायचा?

सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. त्या काळात गिरण्यांचे काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. मालक आणि कामगार यांच्यामध्ये मुकादम असे. कामावर घेणे, काढणे, रजा देणे हे सारे त्याच्या हाती. कामासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. महिलांच्या खात्यात हाच अधिकार नायकिणीकडे असे. पगाराला ठरावीक तारीख नव्हती. तक्रार करायची तर ती मुकादमामार्फतच, म्हणजे अनेकदा ज्याच्याविरुद्ध करायची त्याच्याकडेच!

लोखंडे यांनी काय केले?

१८८४ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ स्थापन केली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगाकडे दिले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाची ठरलेली वेळ, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि जखमी कामगाराला भरपाई, या त्यातील मागण्या होत्या.

त्यात मुकादमाची तक्रार नव्हती. तरीही त्याच्या धाकावर घाव बसत होता. सुट्टी नियमाने मिळू लागली की ती देऊन उपकार करता येत नाहीत आणि नाकारून छळताही येत नाही.

२४ एप्रिल १८९० च्या मुंबईतील सभेला सुमारे १० हजार कामगार आले. त्यात महिला कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या मुंबईतील कामात लोखंडे सहयोगी सदस्य होते. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची विश्रांती ब्रिटिश हिंदुस्थानातील कारखान्यांना, म्हणजे सोलापूरच्या गिरणीलाही, बंधनकारक झाली.

१८९५ मध्ये त्यांना रावबहादूर किताब मिळाला. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा रुग्णसेवेत उतरलेल्या लोखंडे यांचा ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने मृत्यू झाला.

काय राहून गेले?

त्यांच्या संघटनेला वर्गणी नव्हती, सभासदांची नोंद नव्हती. त्यामुळे ती त्यांच्यानंतर टिकली नाही. मुकादमी मात्र टिकली. १९३१ मध्ये रॉयल कमिशनने कामगार भरतीचा अधिकार मुकादमाकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे देण्याची शिफारस केली. म्हणजे सुट्टी नियमात आली, पण गाऱ्हाणे ऐकणारा स्वतंत्र माणूस मिळायला आणखी चार दशके लागली.

आजच्या मालकाने काय करावे?

शिवीगाळ, अपमान, एकट्याला टाकणे अशा सर्वसाधारण छळासाठी भारतात वेगळा कायदा नाही. मात्र २० किंवा अधिक कामगार असतील तिथे मालक आणि कामगारांच्या समान प्रतिनिधींची तक्रार निवारण समिती कायद्याने आवश्यक आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार अंतर्गत समिती हवी आणि तिच्यात बाहेरचा एक सदस्य असावा लागतो.

समिती कागदावर असून भागत नाही. रजा, पाळी, ओव्हरटाइम आणि दंडाचे नियम मराठी, तेलुगू, कन्नड अशा कामगारांच्या भाषेत भिंतीवर लावावेत. तक्रार सुपरवायझरला वगळून देता आली पाहिजे. ती लेखी नोंदवावी, दोन्ही बाजू ऐकाव्यात, निर्णयाची मुदत ठरवावी. तक्रारदाराची पाळी बदलली किंवा काम कमी झाले तर मालकाने स्वतः कारण तपासावे. सुपरवायझर उत्पादन चांगले काढतो म्हणून त्याच्या वागण्याकडे काणाडोळा केला, तर तो धाक मालकाच्या संमतीनेच चालतो.