धारेचा कोन शोधणारा टेलर

व्यवस्थापनशास्त्राचे जनक म्हणून फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांचे नाव घेतले जाते. मात्र धातू कापण्याचे त्यांचे प्रयोग २६ वर्षे चालले आणि हत्याराला धार कशी आणि किती अंशांत लावावी, हा त्यातला एक प्रश्न होता.

टेलर यांचा जन्म २० मार्च १८५६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झाला. हार्वर्डची प्रवेश परीक्षा ते उत्तीर्ण झाले, पण डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण सोडावे लागले. १८७४ मध्ये ते एका कारखान्यात उमेदवारीला लागले आणि ओतकामासाठी लागणारे लाकडी पॅटर्न बनवायला शिकले.

१८७८ मध्ये ते मिडव्हेल पोलाद कारखान्यात गेले. तिथे प्रत्येक कामगार आपले हत्यार आपल्या अंदाजाने घासत असे. कोन लहान असेल तर हत्यार सहज कापते, पण पातळ धार तापून लवकर बोथट होते. कोन मोठा असेल तर धार टिकते, पण जोर जास्त लागतो. मधला कोन कोणता? टेलर यांनी ३० हजारांहून अधिक प्रयोग केले. त्यात साडेतीन लाख किलोंहून अधिक लोखंड-पोलादाचा कीस झाला. लेथच्या हत्यारासाठी त्यांनी मऊ पोलादाला ६१ अंशांची, तर बीड व कठीण पोलादाला ६८ अंशांची धार सुचवली. हे निष्कर्ष १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याआधी मॉन्सेल व्हाइट यांच्यासह त्यांनी टंगस्टन-क्रोमियमयुक्त पोलाद वितळण्याच्या बेतापर्यंत तापवून पाहिले. त्याची धार लालबुंद झाली तरी टिकत होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे हत्यार पाहून अभियंते थक्क झाले. आज रंधा मशीनला बसणारी ‘एचएसएस’ पाती याच कुळातली.

टेलर यांनी धार लावण्याचे काम कामगाराकडून काढून वेगळ्या विभागाकडे सोपवले. धार एकसारखी झाली, पण कारागिराच्या हातचा निर्णयही गेला. घड्याळ लावून काम मोजण्याच्या त्यांच्या पद्धतीविरुद्ध १९११ मध्ये वॉटरटाउनच्या शस्त्रनिर्मिती कारखान्यात संपही झाला. २१ मार्च १९१५ रोजी, एकोणसाठाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

त्यांचे प्रयोग धातूवरचे होते, पण तत्त्व लाकडालाही लागू पडते. पाइनसारख्या मऊ लाकडाला निमुळती धार चालते. शिसवासारख्या कठीण किंवा गाठाळ लाकडाला जाड धार लागते. म्हणून मशीनचे पाते धारेला देताना कोणते लाकूड कापायचे आहे, हे आधी सांगावे.