मँगनीजच्या दगडांना नावं देणारा माणूस: लुईस ली फर्मोर

टीव्हीच्या रिमोटमधल्या साध्या सेलच्या आत काळी भुकटी असते (फोडून बघू नका, माझ्यावर विश्वास ठेवा). त्यातला मुख्य माल म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. सेलसाठी लागणारं असं खनिज भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून निघतं. ही खाण चालवणाऱ्या 'मॉयल' कंपनीचं मुख्यालय आमच्या नागपुरात आहे. पण या दगडांचा पहिला मोठा 'डेटाबेस' ज्याने बनवला, त्याचं नाव इथे फार कुणाला माहीत नाही.

कोण होता हा माणूस?

लुईस ली फर्मोरचा जन्म 1880 चा, लंडनचा. खाणकामाचं शिक्षण घेऊन तो 1902 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाला. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. मँगनीजच्या खाणी नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि युरोपातल्या पोलाद कारखान्यांना हे खनिज हवं होतं.

फर्मोर खाणी-खाणी फिरला, नमुने गोळा केले, नकाशे काढले. 1909 मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा त्याचा ग्रंथ आला, हजाराहून जास्त पानांचा. आपण कोडमध्ये व्हेरिएबलला नीट नाव देतो ना, तसं त्याने दगडांचं केलं. इथल्या एका खडकाला गोंड समाजावरून 'गोंडाइट' म्हटलं. खडकांच्या एका मोठ्या मालिकेला नागपूर-छिंदवाडा वाटेवरच्या सौसरचं नाव दिलं. छिंदवाड्यातल्या सीतापारवरून एका खनिजाला 'सीतापाराइट' म्हटलं. पुढे कळलं की ते अमेरिकेत आधीच सापडलेलं 'बिक्सबाइट' आहे, आणि आपल्या गावाचं नाव यादीतून गेलं. पण सीतापारच्याच दुसऱ्या एका खनिजाला फर्मोरचं नाव मिळालं, 'फर्मोराइट'.

'हॉलंडाइट' मात्र टिकलं. हे नाव त्याने आपल्या साहेबावरून, थॉमस हॉलंडवरून ठेवलं. मँगनीज-ऑक्सिजनच्या जाळीत सरळ बोगदे आणि बोगद्यात बेरियमचे अणू, अशी त्याची रचना आहे. बॅटरीवर काम करणारे संशोधक आजही अशा रचनेला 'हॉलंडाइट' म्हणतात.

पुढे फर्मोर सर्वेक्षणाचा संचालक झाला, 1934 मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो आणि 1935 मध्ये 'सर'. त्याच वर्षी स्थापन झालेल्या, आज इन्सा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा तो पहिला अध्यक्ष होता. 1954 मध्ये तो वारला.

त्याने न पाहिलेली गोष्ट

1950 मध्ये हॉलंडमधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत लँथॅनम, मँगनीज आणि ऑक्सिजनच्या संयुगांवर काम झालं. शुद्ध संयुगात प्रत्येक मँगनीज अणूकडे एक फिरता इलेक्ट्रॉन असतो, पण शेजारची प्रत्येक जागा आधीच भरलेली. म्हणून वीज वाहत नाही. थोडं लँथॅनम काढून कॅल्शियम टाकलं की काही जागा रिकाम्या होतात. तरी एक अट राहते: शेजारच्या अणूचं चुंबकत्व त्याच दिशेला असेल तरच इलेक्ट्रॉन सहज उडी मारतो. बाहेरून चुंबक लावला की सगळे एका दिशेला येतात आणि विरोध धाडकन पडतो. 1994 मध्ये अशा पातळ थरांत तो हजार पटींहून जास्त पडलेला दिसला.

गंमत म्हणजे 1986 मध्ये सापडलेल्या तांब्याच्या ऑक्साइड सुपरकंडक्टरची रेसिपी हीच आहे. आधी वीज न वाहणारं ऑक्साइड घ्या, मग त्यातले थोडे अणू बदला. 2005 मध्ये थर-थर रचनेच्या मँगनीज ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनचा ऊर्जा-नकाशा काढला, तेव्हा तो तांब्याच्या सुपरकंडक्टरसारखा निघाला: काही दिशांना इलेक्ट्रॉन जवळपास गायब, काही दिशांना मोकळे. पण हे संयुग सुपरकंडक्टर नाही! म्हणजे फक्त तो नकाशा दिसला म्हणून सुपरकंडक्टिव्हिटी मिळेलच असं नाही. तिचं कारण शोधणाऱ्यांसाठी हा मोठा धडा आहे.

मग आपलं काय?

फर्मोर इंग्रज सरकारचा नोकर होता. त्याच्या नकाशांचा पहिला फायदा कंपन्यांना झाला, आणि दगड रेल्वेने बंदरावर जाऊन बोटीत बसले. 1962 मध्ये मॉयल झाली आणि 1977 मध्ये ब्रिटिश कंपनीचा उरलेला हिस्साही सरकारने घेतला. दगड आपला झाला. त्यातलं विज्ञान आपलं करायचं काम मात्र अजून बाकी आहे असं मला वाटतं. रामटेकला जाताना मनसर लागतं, तिथे मँगनीजची खाण आहे. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी त्या रस्त्याने गेलो, पण हा धडा एकाही पुस्तकात नव्हता. तुम्ही आत्ता अकरावी-बारावीत असाल आणि फिजिक्स आवडत असेल, तर मँगनीज हे नाव लिहून ठेवा. कच्चा माल घरचाच आहे.