बटाट्यातला सायटोक्रोम आणि कमलाबाई

औषधाची गोळी पोटात गेली की तिचा निकाल बहुतेक वेळा यकृतात लागतो. तिथली सायटोक्रोम पी-४५० या कुटुंबातली विकरे, म्हणजेच एन्झाइम, औषधांत आणि बाहेरून आलेल्या रसायनांत असा बदल घडवतात की ती शरीराबाहेर टाकणे सोपे जाते. हीच मानवी विकरे आता कुपीत मिळतात. माणसाचे जनुक जिवाणूत किंवा कीटकाच्या पेशीत घालून ती बनवून घेतात. नवे औषध शरीरात किती टिकेल, दुसऱ्या औषधाच्या आड येईल का, याचा अंदाज त्यामुळे माणसाला ते देण्याआधीच येतो. कुपी रुग्णासाठी नसते, फक्त संशोधनासाठी असते.

पी-४५० एकटे काम करत नाही. त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारे एक जोडीदार विकर लागते. हा जोडीदार शाबूत आहे का, हे पाहायला प्रयोगशाळेत त्याच्यापुढे सायटोक्रोम सी ठेवतात. त्याने इलेक्ट्रॉन घेतले की त्याचा रंग बदलतो आणि यंत्र तो बदल मोजते. पी-४५० आणि सायटोक्रोम सी यांचे काम वेगळे, पण दोघांच्या पोटी लोह असलेला हीम असतोच. याच सायटोक्रोम सीवर केंब्रिजमध्ये काम केलेली मराठी बाई म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवत त्यांच्या थोरल्या भगिनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरचा. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून १९३३ साली त्यांनी तिथेच अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला, कारण एकच : अर्जदार स्त्री होती. कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. शेवटी प्रवेश मिळाला तोही अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, काम पसंत पडेपर्यंत मान्यता नाही आणि तिच्यामुळे तिथल्या पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये! रामन यांच्या थोरवीला बाध न आणताही म्हणावे लागेल की हा अन्याय होता. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. ते पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. विषारी रेणूंना निष्प्रभ करणारा ग्लुटाथायोन त्यांनीच १९२१ साली वेगळा काढला होता. पॅरासिटामॉलचा डोस अती झाला तर यकृताला आधी वाचवतो तो हाच. कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या श्वसनाचा अभ्यास केला. सुरुवात बटाट्यापासून झाली आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतो, हे त्यांनी दाखवले. प्रबंध जेमतेम ४० पानांचा. १९३९ साली पीएच.डी. मिळाली.

परदेशात राहणे सोयीचे असूनही त्या परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, १९४७ साली विवाह आणि नंतर मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. इथले काम मला जास्त मोलाचे वाटते, कारण ते थेट आपल्या ताटाशी येऊन पोहोचते. कच्च्या वालात पचनाच्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे घटक असतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते शोधून स्फटिकरूपात वेगळे केले. उष्णतेने त्यातले बरेचसे नष्ट होतात, म्हणून वालाची उसळ नीट शिजवायची. हुलगे, मटकी चुलीवर ठेवणाऱ्या कोल्हारच्या सुगरणीला ते अनुभवाने ठाऊक असते. विकरावरचा हा अडथळा नळीत दाखवणे मात्र वेगळे काम. नीरेवरच्या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला.

संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे आले, पण उशिरा. निवृत्तीनंतर कन्झ्युमर गाइडन्स सोसायटीत अन्नभेसळीविरुद्ध काम केले, ‘कीमत’ या मासिकात लिहिले. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा दिल्लीत सत्कार केला. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि काही वेळातच त्यांचे निधन झाले.